काळोख म्हणजे कागद

आत कागदाचा कपटासुद्धा नव्हता आणि प्रिंटर म्हणत होता, ‘पेपर जॅम’. मागचं झाकण काढून बघितलं, पुढून बघितलं, मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं, शेवटी तिरका करून दोन हलक्या थापा दिल्या. पडली ती स्टेपलची एक गंजकी पिन. ती निघाली म्हणून आनंदाने बटण दाबलं, तर पुन्हा तेच. आतली कॅरेज, म्हणजे शाई टाकणाऱ्या हेडची गाडी, उजव्या कोपऱ्यातून सुटायची, वीतभर शहाण्यासारखी जायची आणि मग अंगात आल्यासारखी धावत डाव्या भिंतीवर धाडकन आपटायची. की सगळ्या लाईटी लुकलुक आणि स्क्रीनवर पेपर जॅम.

माझं झेरॉक्सचं दुकान पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या बाजूच्या गल्लीत. काळ्या-पांढऱ्या कामाला मोठं मशीन आहे. रंगीत प्रिंट आणि पासपोर्ट फोटो निघतात ते या शाईच्या टाक्यांच्या इंकजेटवर. आणि हे सगळं घडलं जुलैत. बाहेर पाऊस, दारात अ‍ॅडमिशनवाली पोरं, प्रत्येकाला आठ फोटो आजच हवेत. मी सगळ्यांना ‘उद्या या’ म्हणून परत पाठवत होते आणि ती समोरच्या दुकानात जाताना दिसत होती.

रिपेअरवाला आला. झाकण उघडलं नाही. एकदा चालू करून तो धाडकन आवाज ऐकला आणि म्हणाला, “मॅडम, बोर्ड गेलाय. साडेचार हजार.”

“कशावरून?”

“आवाजावरून.”

मी म्हटलं, सांगते. तो गेला आणि जिन्यावरून काका उतरले. काका आमच्याच वाड्यात वरच्या मजल्यावर राहतात. अंबडच्या एका कंपनीत सीएनसी मशीनच्या मेंटेनन्सला होते, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. दिवसभर पेपर वाचतात आणि कुणाचा मिक्सर बिघडलाय का याची वाट बघतात.

“आवाजावरून मीही सांगतो,” ते म्हणाले. “बोर्ड गेलेला नाही. बोर्ड गेला असता तर ती गाडी सुरुवातीला तरी सरळ कशी चालली? आमच्याकडे स्केल मेली की स्लाईड अशीच सुटायची.”

“कसली स्केल?”

“ते कळायला उघडावं लागेल. पण हा नको. माळ्यावर तुझा जुना पडलाय ना, तो काढ. जित्या माणसावर हात बसवायचा नसतो.”

तर अशी माझी शिकवणी सुरू झाली. रात्री दुकान बंद केल्यावर, नऊ ते साडेदहा, दुकानातल्याच टेबलावर पेपर पसरून. जुना प्रिंटर त्याच घराण्यातला, हेड चोंदून मेलेला. स्क्रू काढायचे आणि कुठला कुठून काढला ते कळावं म्हणून इडलीच्या साच्यात ठेवायचे, ही माझी आयडिया. काकांना फार आवडली.

पहिल्या रात्री कागदाची वाट शोधली. मागून कागद जिथून खाली उतरतो तिथे, रबरी रोलरच्या जरा आधी, काळ्या प्लॅस्टिकची एक जीभ वर आलेली होती. बोटाने दाबली की खाली जाते, सोडली की बारीक स्प्रिंगने परत वर. इतकी वर्षं प्रिंटर वापरतेय, ती जीभ कधी नजरेला पडली नव्हती. तिचं दुसरं टोक आत कुठेतरी जात होतं. तिथपर्यंत पोचायला अजून चार स्क्रू आणि एक तुटलेला क्लिप खर्ची पडला. आत होता चिमटीत मावणारा काळा तुकडा, इंग्रजी यू अक्षरासारखा. जीभ दाबली की तिचं शेपूट बरोबर त्या यूच्या खाचेत येऊन उभं.

“हा ऑप्टो,” काका म्हणाले. “एका भिंतीत दिवा, समोरच्या भिंतीत डोळा. मधे कुणी आलं की डोळ्याला अंधार. बास, इतकंच.”

दिवा म्हणे. मला तर काहीच दिसत नव्हतं. दिसणार नाहीच, कारण तो इन्फ्रारेड. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसला. हे माझ्या लेकीने ऐकलं आणि रिमोट आणून मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरला. बटण दाबलं की रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, कारण तिकडे बहुधा इन्फ्रारेड अडवणारी काच असते. सेल्फीच्या कॅमेऱ्यात झकास दिसला. म्हणजे दिवा तपासायचं यंत्र आमच्या खिशातच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एम.जी. रोडला जाऊन रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारे तुकडे, घेऊन आले. काकांनी कागदावर लिहून दिलं होतं: २२० ओहमचे पाच, १० के चे (म्हणजे दहा हजार ओहमचे) पाच. दुकानदाराने पुडी बांधून दिली तेव्हा वाटलं, साडेचार हजार कुठे आणि हे दहा-वीस रुपये कुठे. अर्थात तेव्हा अजून काहीच दुरुस्त झालेलं नव्हतं.

मोबाईलचा एक मोडका चार्जर कापला. त्यातून ५ व्होल्ट मिळतात. ऑप्टोला चार पाय. दोन दिव्याचे, दोन डोळ्याचे. कुठले कुणाचे ते मल्टिमीटरवर डायोडची खूण लावून शोधायचं. दिव्याच्या पायांवर एका दिशेने सव्वाच्या जरा खाली आकडा येतो, उलट लावलं की काही नाही. मला पाय सापडले, आणि सापडल्याच्या उत्साहात मी रेझिस्टर न लावता सरळ ५ व्होल्ट जोडले. जांभळा ठिपका कॅमेऱ्यात अर्धा सेकंद दिसला आणि गेला तो गेलाच. काका काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “जुन्यात अजून दोन असतील.”

दोन होते. एक कागद रोलरकडून बाहेर सरकतो तिथे, एक ट्रेच्या बाजूला. दुसऱ्या वेळी दिव्याच्या वाटेत २२० चा रेझिस्टर आधी लावला, लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचा. दिवा स्वतःसाठी साधारण १.२ व्होल्ट ठेवतो, उरलेल्या ३.८ ला २२० ने भागलं की सतरा मिलिअँपच्या आसपास येतं, तेवढं त्याला झेपतं. हा भागाकार मी स्वतः केला, कॅल्क्युलेटरवर का होईना. डोळ्याकडून १० के चा रेझिस्टर ५ व्होल्टला बांधला आणि मीटरची पिन मधल्या सांध्यावर धरली.

खाच मोकळी असताना मीटरवर ०.२. खाचेत व्हिजिटिंग कार्ड घातलं, ४.९. काढलं, ०.२. घातलं, ४.९.

हे मी किती वेळा केलं ते सांगत नाही. लेक म्हणाली, “आई, झालं ना आता, कळलं.” पण मला काहीतरी वेगळंच कळत होतं. या डोळ्यासमोर मी व्हिजिटिंग कार्ड घातलं काय, कागद घातला काय, सुपारीचं खांड ठेवलं काय, त्याला सगळं एकच. त्याला कागद माहीतच नाही. उजेड आणि काळोख, एवढे दोनच शब्द त्याला येतात. काळोख म्हणजे कागद, हा अर्थ लावणारा दुसराच कुणी, तिकडे बोर्डावर बसलेला. काही मॉडेलमध्ये अर्थ उलटा असतो: जीभ मुळात खाचेत असते आणि कागद आला की बाहेर जाते, म्हणजे उजेड म्हणजे कागद. पण आमच्या प्रिंटरच्या भाषेत, मी जो दिवा जाळला तो जाळलेला दिवा प्रिंटरच्या लेखी ‘कागद’च होता. मेलेला दिवा आणि अडकलेला कागद यांत फरक करायची त्याला सोयच नाही. तो बिचारा खोटं बोलत नव्हता. त्याला जे दिसलं त्याचा त्याने जमेल तो अर्थ लावला.

मग एक मजा झाली. रविवारी सकाळी पाऊस उघडला म्हणून हे सगळं लटांबर आम्ही वरच्या गॅलरीत नेलं, उन्हात. आणि कार्ड घातलेलं असूनही मीटर १.५, २.३, १.१ असं काहीही दाखवायला लागला. मला वाटलं, हाही जाळला. काकांनी वर्तमानपत्र आडवं धरलं, ४.९. काढलं, पुन्हा बावचळला. सूर्याच्या उजेडात इन्फ्रारेड भरपूर असतं, ते बाजूने खाचेत शिरत होतं. कुठला उजेड आपल्या दिव्याचा आणि कुठला सूर्यनारायणाचा, हे त्या डोळ्याला कसं कळावं? म्हणून प्रिंटर उघडा ठेवून उन्हात किंवा खिडकीशी तपासायला बसू नये. तिथे जो बिघाड दिसेल तो प्रिंटरचा नसेल, जागेचा असेल.

हे झालं कागदाचं. पण धाडकन आपटण्याचं काय?

त्यासाठी काकांनी जुन्या प्रिंटरच्या कॅरेजमागची पट्टी दाखवली. ही पट्टी सगळ्यांनी पाहिलेली असते आणि कुणीच पाहिलेली नसते. पारदर्शक प्लॅस्टिकची, बोटाहून अरुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. मला कायम वाटायचं की पॅकिंगचं काहीतरी राहून गेलंय. एकदा तर ओढून काढणार होते. जवळून बघितलं तर ती अगदी स्वच्छ पारदर्शक नाही, करडट झाक मारते.

“नुसत्या डोळ्याने नाही दिसायचं,” काका म्हणाले. माझा चुलत दीर सराफ बाजारात कामाला आहे. त्याच्याकडचं हिरे बघायचं भिंग मागून आणलं. पट्टी स्टीलच्या फूटपट्टीवर ठेवली, भिंगाला मोबाईलचा कॅमेरा टेकवला आणि स्क्रीनवर बोटांनी मोठं केलं. करडेपणा फुटून त्याच्या रेघा झाल्या. उभ्या, काळ्या, एकसारख्या, रेघेइतकीच मोकळी फट, पुन्हा रेघ. एवढी नेटकी छपाई मी माझ्या दुकानात जन्मात केली नसेल. १९२८ सालापासून नोटा छापणाऱ्या गावात राहते, पण बारीक छपाई म्हणजे काय ते त्या रात्री बघितलं.

फोटो काढून मोजल्या. लेकीने एकदा, मी एकदा, कारण मधेच नजर सरकते. ५ मिलिमीटरमध्ये तिच्या ३५, माझ्या ३५ आणि वर एक अर्धवट. काकांनी पेन्सिल घेतली: पाच मिलिमीटरला पस्तीस-साडेपस्तीस, तर २५.४ मिलिमीटरच्या एका इंचाला १८०च्या आसपास. “एकशे ऐंशी लाईन,” ते खूश होऊन म्हणाले. “ही तुमची स्केल. आमच्याकडे काचेची असायची, ही प्लॅस्टिकची. काम तेच.”

ही पट्टी कॅरेजच्या पाठीवर बसवलेल्या आणखी एका ऑप्टोच्या खाचेतून जाते. कॅरेज सरकली की त्या डोळ्यासमोरून रेघा जातात, उजेड-काळोख-उजेड-काळोख, आणि बोर्ड मोजत बसतो. इतक्या रेघा गेल्या म्हणजे कॅरेज इथे आहे. आता इथे निळा थेंब टाक.

मी विचारलं, मोटरला सरळ सांगता येत नाही का, इतकं जा म्हणून? काका म्हणाले, येतं. स्टेपर मोटर असली तर तिला पावलं मोजून देता येतात. पण या प्रिंटरमध्ये साधी डीसी मोटर आहे. ती वेगवान, कमी आवाजाची, स्वस्त, पण मुकी. करंट दिला की पळते, कुठवर पळाली ते तिला माहीत नसतं. म्हणून शेजारी मोजणारा बसवायचा.

पुढची गोष्ट समजायला मला दोन रात्री लागल्या. रेघा मोजून अंतर कळेल, पण दिशा? कॅरेज डावीकडून आली की उजवीकडून, रेघ तर दोन्हीकडून सारखीच दिसते. याचं उत्तर असं की त्या एन्कोडरमध्ये, म्हणजे रेघा मोजणाऱ्या ऑप्टोत, डोळे दोन असतात, ए आणि बी, एकमेकांपासून पाव घरावर सरकवलेले. काकांनी ‘नव्वद अंशाचा फेज’ वगैरे सांगितलं, ते माझ्या डोक्यावरून गेलं. मग त्यांनी होळकर पूल काढला.

“रविवार कारंज्याकडून रिक्षाने पंचवटीत येताना पुलाचा कठडा बघतेस ना? समज, तू आणि पोरगी मागे शेजारीशेजारी बसलात. प्रत्येकीने कागदाच्या नळीतून सरळ कठड्याकडे बघायचं. पोरीची नळी तुझ्या नळीच्या जरा पुढे, पण एका गजाच्या जाडीहून कमी अंतरावर. रिक्षा पुढे निघाली की गज आधी पोरीच्या नळीत येईल, मग तुझ्या. रिक्षावाल्याने मागे घेतली तर?”

“आधी माझ्या.”

“झालं. डोळे मिटून विचारलं तरी मी सांगीन रिक्षा कुठे चाललीय. कुणी आधी ‘आला’ म्हटलं एवढं ऐकलं की पुरे.”

ते डोळ्यांनी बघायला मिळालं पेपर सरकवणाऱ्या रोलरवर. तिथेही तसलीच पारदर्शक चकती असते, कडेला रेघा असलेली, आणि तसलेच दोन डोळे. काकांनी दोन डोळ्यांच्या आउटपुटला दोन छोटे दिवे लावले, ए ला लाल, बी ला हिरवा. हाताने रोलर फिरवला तर दोन्ही नुसतेच मिणमिणतात, डोळा पकडू शकत नाही. मग मोटरचं इवलंसं दातेरी चाक बोटाच्या टोकाने ढकललं. मधल्या चाकांमुळे मोठी चकती मुंगीच्या पावलाने हलते. लाल लागला. मग लाल आणि हिरवा दोन्ही. मग नुसता हिरवा. मग दोन्ही बंद. पुन्हा लाल. उलटं ढकललं: हिरवा, दोन्ही, लाल, काहीच नाही. एका रेघेत चार वेगळ्या अवस्था. म्हणजे १८० रेघांच्या इंचात बोर्डाला ७२० पायऱ्या मिळतात, एक पायरी ०.०३५ मिलिमीटरची. आपल्या केसाच्या साधारण निम्मी. माझ्यासारखीने नेलपेंट लावलेल्या बोटाने ते चाक ढकलायचं आणि समोर दोन दिव्यांनी केसाच्या निम्म्याचा हिशेब द्यायचा, हे मला अजून आठवलं तरी गंमत वाटते.

आता सुरुवात कुठून मोजायची हा प्रश्न उरतो. मला वाटलं होतं, उजव्या कोपऱ्यात कुठेतरी बटण असेल, कॅरेज त्याला लागली की शून्य. शोधलं, सापडलं नाही. आमच्या या जातीच्या प्रिंटरात तसलं काही नव्हतंच. चालू केलं की कॅरेज हळूच भिंतीकडे सरकते आणि भिंतीला टेकते. मोटरला करंट आहे, पण रेघा पुढे जात नाहीत. याचा अर्थ भिंत आली. तेच शून्य. आंधळी कोशिंबीर खेळताना भिंतीला हात लागला की आपण ओळखतो ना कुठे आहोत, तसंच. सकाळी प्रिंटर चालू करताना जे ‘टक्’ होतं ते हेच. मी ते रोज ऐकते आणि रोज वाटायचं की खिळखिळा झालाय.

हे कळलं त्या क्षणी मला धाडचाही उलगडा झाला, आणि खरं सांगते, काकांच्या आधी झाला. रेघा पुढे जात नाहीत याचे अर्थ दोन. एक, भिंत आली. दोन, डोळ्याला रेघा दिसत नाहीत. पट्टीवर मधेच कुठे डाग असेल, तर कॅरेज डागापर्यंत नीट येते, मग मोजणी थांबते. बोर्डाला वाटतं, कॅरेज अडली. म्हणून तो मोटरला आणखी जोर देतो. कॅरेज तर चालूच असते, ती जोरात पळते, आणि धाड. मग तो हात टेकतो आणि म्हणतो, मधे काहीतरी अडकलंय. पेपर जॅम.

“वीतभर नीट जाते असं तूच म्हणाली होतीस,” काका म्हणाले. “मग डाग वीतभरावर बघ.”

मग वापरातल्या प्रिंटरचं झाकण उघडलं, प्लग काढून. टॉर्च तिरका धरला. उजवीकडून वीतभर अंतरावर पट्टीवर एक लांबट, तेलकट ओघळ चमकला. त्याला शाईची बारीक धूळ चिकटून राखाडी लेप झाला होता.

तेल कुठून आलं ते मला लगेच आठवलं. मे महिन्यात कॅरेज कुरकुरत होती. मी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन दांड्यावर चार थेंब सोडले होते आणि वर जास्तीचं बोटाने पुसलं होतं. तेच बोट पट्टीला लागलं असणार. म्हणजे रिपेअरवाल्याला मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि बिघाडाची मालकीण मीच.

पुसायचं कशाने? माझा हात नेलपॉलिश रिमूव्हरकडे गेला. काका म्हणाले, जुन्याच्या पट्टीवर करून बघ. केलं. कापसाचा एक हात फिरवला आणि त्या सुरेख रेघा कापसावर उतरल्या. पट्टी तिथे काचेसारखी स्वच्छ. इतकी स्वच्छ की कायमची वाया. खऱ्या पट्टीला मग कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा अर्धा थेंब आणि चष्म्याचं मऊ फडकं. पट्टी काढताना एका टोकाला हुक, दुसऱ्या टोकाला बारीक पत्र्याची स्प्रिंग. कुठलं टोक कुठे आणि कुठली बाजू वर, याचा आधी फोटो काढला. फडकं पट्टीच्या दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून एकाच दिशेने ओढायचं, घासायचं नाही. नंतर साध्या पाण्याने एकदा, मग पंख्याखाली.

लावली. चालू केला. धाड.

या वेळी तर वीतभरही गेली नाही. पहिल्या इंचापासूनच सुसाट. माझं तोंड पडलं. काका वाकून बघायला लागले, मग सरळ झाले आणि मला म्हणाले, “तूच बघ.” पट्टी मी दोन्ही टोकांना नीट अडकवली होती, पण कॅरेजच्या पाठीमागच्या खाचेतून न ओवता तिच्या मागून नेली होती. डोळ्यासमोर पट्टीच नाही. मोजणार काय, कपाळ? पुन्हा काढली, ओवली, ताणली.

‘टक्’ झालं. मग कॅरेज संथपणे या टोकाला, त्या टोकाला, आणि घरात येऊन बसली. फक्त हिरवी लाईट. मी लेकीला मिठी मारली, काकांना चहा टाकला.

शाईबद्दल थोडं सांगायचं राहिलं. एवढे डोळे सापडल्यावर मला वाटलं, टाकीतही एक असेल, कारण कॉम्प्युटरवर शाईची पातळी दिसते. आमच्यात नाही. तो थेंब मोजतो आणि वजाबाकी करतो. मी अर्धीच बाटली ओतून ‘भरली’ असं सांगितलं तर तो ‘पूर्ण भरली’ दाखवतो, माझ्यावर विश्वास ठेवून. म्हणून टाकीकडे डोळ्यांनीच बघायचं. हेड साफ करताना वाया जाणारी शाई तळाच्या पॅडमध्ये जाते, तो पॅड भरल्याचा इशाराही तसाच: पॅडला कुणी हात लावून बघत नाही, किती ओतली त्याचा आकडा तेवढा वाढत जातो. मागच्या वर्षी या आकड्याला शून्य करायचे मी पैसे मोजले होते आणि पॅड मात्र तसाच ओला होता.

काकांकडे मात्र कॅननच्या एका जुन्या प्रिंटरची रिकामी टाकी होती, तिच्या तळाला प्लॅस्टिकचा प्रिझम. टाकी रिकामी असली की खालून बघताना प्रिझम चांदीसारखा चमकतो, कारण उजेड आतून परतून येतो. वरून पाणी सोडलं आणि पाणी प्रिझमला भिडलं त्या क्षणी चांदी काळी पडली, उजेड पाण्यात निघून गेला. तिथेही तोच दिवा, तोच डोळा, तेच दोन शब्द. फक्त या घरात काळोख म्हणजे शाई.

शेवटी काकांनी एक चावटपणा सुचवला. ट्रेमध्ये कागद ठेवायचाच नाही. प्रिंट द्यायची, रोलर फिरायला लागला की मागच्या फटीतून अगरबत्तीची काडी घालून ती काळी जीभ दाबायची आणि दाबून ठेवायची. पहिल्या दोन वेळा मी आधीच दाबली, तर तो ‘पेपर जॅम’ म्हणाला. कागद यायच्या आधीच कागद आहे म्हणजे अडकलेलाच असणार, त्याचं बरोबरच आहे. तिसऱ्या वेळी रोलरची पहिली घरघर ऐकून, मनात एक अंक मोजून दाबली. बरोबर बसलं. कॅरेज निघाली आणि शिस्तीत, ओळीमागून ओळ, रिकाम्या जागेवर फोटो छापायला लागली. मी काडी सोडून प्लग ओढला.

झाकण उघडलं तर खालच्या काळ्या फासळ्यांवर आणि मधल्या स्पंजवर गुलाबीसर पट्टे, थोडा निळा शर्ट, आणि एका फासळीच्या टोकावर ओळखू येईल असा अर्धा कान. टिश्यू पेपर घेऊन मी तो पुसत होते, तेवढ्यात शटरखालून वाकून एका मुलाने विचारलं, “ताई, माझे आठ फोटो झाले का?”